मोदकाचे यंत्र, त्याच्या दोन आवृत्त्या आणि एक पेटंट: भांडुपमधल्या एका कारखान्याचे प्रकरण

छोट्या कारखानदारांना पेटंटच्या बाबतीत सल्ला देताना हाताळलेले हे प्रकरण आहे. नावे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. कायद्याच्या तरतुदी, फी आणि मुदती मात्र जशा आहेत तशाच दिल्या आहेत, कारण वाचणाऱ्याला उपयोग त्यांचाच होणार आहे.

पार्श्वभूमी

भांडुपच्या एका औद्योगिक वसाहतीत काकांचे टूलरूम आहे. दोन लेथ, एक मिलिंग मशीन, एक सरफेस ग्राइंडर आणि मदतीला दोन मुले. काकांची हयात दुसऱ्यांसाठी डाय (साचे) आणि जिग (काम धरून ठेवणारी साधने) बनवण्यात गेली. त्यांची पुतणी मुलुंडला राहते आणि उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेते. गणपतीत मागणी एवढी असते की ऑर्डरी परत पाठवाव्या लागतात. पैसा आणि जागा यांची व्यवस्था होते, पण कळ्या पाडणारे हात मिळत नाहीत. बाजारात मिळणारे प्लास्टिकचे किंवा ॲल्युमिनियमचे साचे घरच्या एकवीस मोदकांना पुरतात. दिवसभर वापरले की उकड चिकटायला लागते, पारी फाटते आणि मोदकाची शेंडी साच्यातच राहते.

पुतणीने ही तक्रार काकांच्या कानावर घातली आणि 2022 च्या उन्हाळ्यात काकांनी पहिले यंत्र बनवले. त्यात अकरा पाकळ्यांचा स्टीलचा साचा होता. पायाने पट्टी दाबली की पाकळ्या मिटून मोदक घडायचा आणि पट्टी सोडली की सगळ्या पाकळ्या एकदम बाहेर उघडायच्या. दर पाच-सहा मोदकांनंतर आतून तुपाचा हात फिरवावा लागे. तरीही हाताच्या कामापेक्षा वेग कितीतरी जास्त होता.

त्या वर्षी गणेश चतुर्थी 31 ऑगस्टला होती. त्याआधी दादरला भरलेल्या एका विक्री प्रदर्शनात दोघांनी यंत्र मांडले, लोकांसमोर मोदक काढून दाखवले आणि दोन यंत्रे विकली. भाच्याने काढलेल्या व्हिडिओत साचा जवळून, उघडताना आणि मिटताना स्पष्ट दिसत होता. तो यूट्यूबवर चढला आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर फिरला.

अडचण

2023 च्या वसंतात वसईकडच्या एका उत्पादकाचे यंत्र बाजारात दिसले. पाकळ्या अकराच, पायाची पट्टी तशीच आणि किंमत कमी. जून महिन्यात पुतणी आली ती हाच प्रश्न घेऊन: “आमचं यंत्र त्यांनी उचललंय. पेटंट घेऊन हे बंद करता येईल का?”

तिने इंटरनेटवर बरेच वाचले होते. शोध जाहीर केल्यापासून वर्षभरात अर्ज केला तर चालतो, असे तिला कुठेतरी सापडले होते आणि प्रदर्शनाला अजून वर्ष झाले नव्हते, त्यामुळे ती निश्चिंत होती. हा गैरसमज मला महिन्यातून एकदा तरी भेटतो. शोधकाने स्वतः केलेल्या जाहिरातीला वर्षभराची सूट देणारा नियम अमेरिकेच्या कायद्यात आहे. आपल्याकडे सूट आहे, पण फार अरुंद. पेटंट कायदा, 1970 च्या कलम 31 प्रमाणे प्रदर्शनात मांडलेल्या वस्तूला बारा महिन्यांची मुभा मिळते, मात्र ते प्रदर्शन केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेले असावे लागते. दादरच्या हॉलमधले प्रदर्शन त्यात बसत नाही. कलम 32 मध्ये चाचणीसाठी केलेल्या जाहीर वापराला वर्षभराची मुभा आहे. पण ती वाजवी चाचणीपुरती, आणि तीही शोधाच्या स्वरूपामुळे चाचणी चारचौघांत करावी लागत असेल तरच. दोन यंत्रे पैसे घेऊन विकली, त्याला चाचणी म्हणता येत नाही.

त्यामुळे पहिले यंत्र हातचे गेले होते. वसईचा उत्पादक जे करत होता ते काकांना कितीही लागले तरी पेटंट कायद्याने त्याला अडवण्याचा मार्ग उरला नव्हता. ही गोष्ट मी पहिल्याच बैठकीत, काहीही राखून न ठेवता सांगितली. खोटी आशा लावून अर्ज भरून घेणारेही असतात, आणि त्यात छोट्या माणसाचे पैसे आणि वर्षे दोन्ही जातात.

मग काका म्हणाले, “ते जाऊ दे. नवीन साचा अजून कोणी बघितलेला नाही.” प्रकरण खरे तिथून सुरू झाले.

पेटंट कशाला मिळू शकते, याची छाननी

पेटंटसाठी वस्तू किंवा प्रक्रिया नवी हवी, त्यात शोधक पाऊल हवे आणि उद्योगात तिचा वापर होऊ शकायला हवा. नवी म्हणजे अर्जाच्या तारखेआधी जगात कुठेही छापून आलेली, दाखवलेली किंवा वापरलेली नसावी. शोधक पाऊल म्हणजे आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व, आणि शिवाय त्या कामातल्या जाणकाराला ते सहज सुचण्याजोगे नसावे. या कसोट्यांवर उतरूनही कलम 3 च्या यादीत सापडलेली गोष्ट बाद होते.

पुतणीच्या डोक्यात तीन-चार गोष्टींचे पेटंट होते. उकडीसाठी तिने तांदळाच्या दोन जातींचे पीठ ठरावीक प्रमाणात मिसळले होते. नुसते मिश्रण, ज्यात घटकांच्या गुणांची फक्त बेरीज होते, ते कलम 3 मध्ये वगळले आहे आणि पारंपरिक ज्ञानही वगळले आहे. शिवाय पेटंट घ्यायचे तर प्रमाण जाहीर करावे लागते. मोदक खाऊन प्रमाण कोणाला कळत नाही, म्हणून ते गुपित ठेवणेच शहाणपणाचे ठरले. भाच्याला ऑर्डरींच्या ॲपचे पेटंट हवे होते. व्यवसायाची पद्धत आणि निव्वळ संगणक प्रोग्राम त्याच कलमाने बाहेर ठेवले आहेत. यंत्राच्या बाहेरच्या रूपासाठी डिझाइन नोंदणीचा विचार झाला. तिचे संरक्षण 10 वर्षे असते आणि आणखी 5 वर्षे वाढवता येते. पण ती फक्त दिसण्याला मिळते, आणि हे रूप व्हिडिओत आधीच येऊन गेले होते.

उरला तो नवा साचा.

नव्या साच्यात शोध नेमका कुठे होता

इथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ दिला आणि तो देण्यासारखाच होता. काकांच्या मते शोध म्हणजे कॅम, म्हणजे फिरताना आपल्या उंचवट्याने दुसरा भाग हलवणारा तुकडा. एकाच कॅमवर दोन उंचवटे काढून त्यांनी पाकळ्यांची हालचाल दोन टप्प्यांत केली होती आणि त्या कामाचा त्यांना रास्त अभिमान होता. पण दोन उंचवट्यांचे कॅम यंत्रविद्येत जुने आहेत. अर्जात नेमका कशावर हक्क हवा ते सांगणारे वाक्य म्हणजे दावा. नुसत्या कॅमवर दावा लिहिला असता तर पेटंट कार्यालयाच्या परीक्षकाने पहिल्याच फेरीत खोडला असता.

मी साचा चालवून पाहिला. साच्याभोवती वाफेचे एक बंद कडे होते. मोदक घडला की कॅमचा पहिला उंचवटा पाकळ्यांना अगदी थोडे सरकवायचा, दोन पाकळ्यांमध्ये पोस्टकार्ड जेमतेम सरकेल एवढी फट पडायची, आणि त्या फटींतून कड्यातली वाफ क्षणभर आत शिरून उकडीचा पृष्ठभाग ओला करायची. दुसऱ्या उंचवट्याला पाकळ्या पूर्ण उघडायच्या, त्याही शेंडीकडून खाली. मोदक अलगद तळहातावर यायचा. तूप लागत नव्हते.

“वाफेला व्हॉल्व्ह कुठे आहे?” मी विचारले.

“व्हॉल्व्ह कशाला? पाकळ्याच व्हॉल्व्ह आहेत,” काका म्हणाले, आणि लगेच कॅमच्या फिनिशबद्दल बोलू लागले.

शोध त्या वाक्यात होता. कलम 3 मधल्या एका उपकलमाप्रमाणे माहितीतली साधने नुसती शेजारी शेजारी मांडली आणि प्रत्येक साधन आपापले जुनेच काम स्वतंत्रपणे करत राहिले, तर त्याला शोध म्हणत नाहीत. पाकळ्यांचा साचा जुना आणि वाफही जुनी. वाफ बाहेरच्या नळीने सोडली असती तर हे यंत्र त्याच उपकलमात अडकले असते. इथे मात्र वाफेची वाट पाकळी हलल्याशिवाय तयारच होत नव्हती. घडवण्याचे, वाफ सोडण्याचे आणि सुटवण्याचे काम त्याच पाकळ्या करत होत्या.

काकांना हा फरक पटावा म्हणून मी त्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या 1978 च्या एका निकालाविषयी सांगितले. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज हा खटला भांड्यांच्या धंद्यातला. मिर्झापूरच्या कारखान्याकडे भांडे कातताना लेथवर धरून ठेवण्याच्या साधनाचे पेटंट होते. न्यायालयाने ते अवैध ठरवले. जुन्या, माहितीतल्या साधनाचा वापर किंचित बदलून केला तर ती कारखान्यातली सुधारणा होते, शोध होत नाही, असा त्याचा आशय. ज्यांनी आयुष्यभर लेथचा टेलस्टॉक (कामाला मागून आधार देणारा भाग) पुढे-मागे केला त्या काकांना हा निकाल माझ्या कोणत्याही स्पष्टीकरणापेक्षा लवकर कळला. ते बराच वेळ साच्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, “म्हणजे कॅमचं नाव शेवटी घ्यायचं.”

आणखी एक गुंता होता. पहिले यंत्र जाहीर झाल्यामुळे तेही आता ‘आधीचे ज्ञान’ झाले होते. नवा साचा परक्यांच्या यंत्रांसोबत काकांच्याच जुन्या यंत्रापेक्षाही वेगळा आणि सहज न सुचणारा ठरायला हवा होता. इनपास, एस्पेसनेट आणि गूगल पेटंट्स या पेटंट धुंडाळण्याच्या वेबसाइटांवर शोध घेतला. डम्पलिंग आणि तत्सम भरलेल्या पदार्थांचे पाकळ्यांचे साचे बरेच निघाले. पीठ सुटावे म्हणून वाफ वापरल्याचे एक जुने चिनी कागदपत्रही निघाले, पण त्यात वाफ वेगळ्या नळीतून येत होती. पाकळ्याच वाफेचे दार झालेले कुठे आढळले नाही.

पर्याय

पहिला पर्याय होता काही न करता बाजारात लवकर उतरण्याचा. दुसरा, साचा गुपित ठेवण्याचा. यंत्र विकायचे असल्याने तो टिकणारा नव्हता, कारण चार बोल्ट काढले की सगळे उघड्यावर येते. स्वतः फक्त मोदक विकून यंत्र कोणालाच न विकणे हाही गुपिताचाच एक प्रकार, आणि पुतणीला तो काही दिवस आवडला होता. पण काकांना यंत्रे बनवायची होती, मोदक विकायचे नव्हते.

तिसरा पर्याय पेटंटचा, आणि त्यात काकांना खटकणारी एक अट होती. शोध अमलात आणण्याची आपल्याला माहीत असलेली सर्वांत चांगली पद्धत विवरणपत्रात, म्हणजे अर्जासोबतच्या शोधाच्या वर्णनात, लिहावी लागते. फटीचे माप लिहायला ते तयार नव्हते. “तेच तर माझं आहे,” ते म्हणत. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, पण पेटंट हा सौदाच तसा आहे. शोधकाने कृती पूर्ण सांगायची आणि त्या बदल्यात अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे दुसऱ्याला ती वस्तू बनवण्या-विकण्यापासून, वापरण्यापासून आणि आयात करण्यापासून रोखायचे. माप दडवले तर पेटंट पुढे त्याच कारणाने रद्द होऊ शकते. दोन दिवसांनी काकांनी स्वतःच्या हाताने माप लिहून आणले.

अर्ज कोणाच्या नावाने

काकांना वाटत होते की यंत्र त्यांनी बनवले म्हणजे शोधक तेच. बोलता बोलता कळले की वाफेची कल्पना पुतणीची होती. मोदकपात्रातून काढताना ओल्या हाताने मोदक चिकटत नाही, हे तिने पाहिले होते आणि “साच्याला आतून घाम फुटला पाहिजे, काका” असे सुचवले होते. नुसती तक्रार सांगणारा शोधक होत नाही, पण इथे तिने उपायाचा गाभा दिला होता. म्हणून दोघांची नावे शोधक म्हणूनही आली आणि अर्जदार म्हणूनही.

याचा एक व्यावहारिक फायदा झाला. सगळे अर्जदार व्यक्ती असतील आणि त्यांत एक तरी स्त्री असेल तर जलद परीक्षणाची मागणी करता येते. तोटाही आहे. कलम 50 प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, सहमालकांचा हिस्सा सारखा असतो आणि प्रत्येकाला दुसऱ्याला हिशोब न देता पेटंट वापरता येते. परवाना देण्यासाठी किंवा आपला हिस्सा विकण्यासाठी मात्र दुसऱ्याची संमती लागते. लेखी करार करा असे मी सुचवले. घरातल्या माणसांत कागद कशाला, असे म्हणून दोघांनी तो पुढे ढकलला.

काय केले

2023 ची गणेश चतुर्थी 19 सप्टेंबरला होती आणि त्याआधी नवे यंत्र लोकांसमोर येणार होतेच. म्हणून जुलैमध्ये अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयात प्रोव्हिजनल अर्ज (आधी तारीख मिळवून देणारा, पूर्ण विवरणपत्र नंतर देता येणारा) ऑनलाइन दाखल केला. महाराष्ट्राचे अर्ज याच कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. व्यक्तीसाठी फी 1600 रुपये. प्रोव्हिजनल म्हणजे दोन पानांची टिपण नव्हे, हे मी आग्रहाने सांगतो. त्यात जे लिहिलेले असते त्यालाच ती तारीख मिळते. आम्ही फट, कडे, दोन टप्पे आणि शेंडीकडून उघडण्याचा क्रम हे सगळे आकृत्यांसह लिहिले.

हंगामात यंत्र चालले आणि एक दोष कळला. वाफेचे थेंब जमून मोदकावर डाग पडत. काकांनी कड्याला निचऱ्याची खोबण केली. ती प्रोव्हिजनलमध्ये नव्हती, म्हणून फेब्रुवारी 2024 मध्ये कंप्लीट, म्हणजे पूर्ण, विवरणपत्र दाखल होईपर्यंत खोबणीचे यंत्र कोणालाही दाखवायचे नाही असे ठरले आणि दोघांनी ते कसोशीने पाळले. प्रोव्हिजनलनंतर कंप्लीट दाखल करायला 12 महिने मिळतात. एरवी अर्ज 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो. आम्ही 2500 रुपये भरून लवकर प्रसिद्धी आणि 8000 रुपये भरून जलद परीक्षण मागितले. एजंटची फी वेगळी.

पहिला परीक्षण अहवाल अपेक्षेप्रमाणे आला. काकांचा स्वतःचा यूट्यूब व्हिडिओ परीक्षकाने पुढे ठेवला होता, सोबत ते चिनी कागदपत्र आणि कलम 3 चा आक्षेप. जाणकार माणूस व्हिडिओतल्या साच्याला चिनी वाफ जोडेल, असे त्यांचे म्हणणे. उत्तराला सहा महिने असतात. आम्ही मुख्य दावा अरुंद केला: ज्यात पाकळ्यांच्या पहिल्या हालचालीनेच वाफेची वाट तयार होते, तोच साचा. व्हिडिओतल्या साच्याला बाहेरची नळी जोडून काकांनी प्रत्यक्ष मोदक काढून पाहिले. वाफ शेंडीपर्यंत पोचतच नव्हती. त्या चाचणीचे फोटो आणि नोंदी उत्तरासोबत दिल्या. सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सने झाली आणि नंतरच्या 15 दिवसांत लेखी म्हणणे सादर केले.

निष्पत्ती

2025 मध्ये पेटंट मिळाले. मुदत जुलै 2043 पर्यंत, तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाची फी भरत राहिल्यास. मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून वर्षभर हितसंबंध असलेली कोणतीही व्यक्ती विरोध दाखल करू शकते आणि हे लिहिताना ती मुदत संपलेली नाही.

वसईचे जुन्या पद्धतीचे यंत्र आजही विकले जाते आणि त्याला हरकत घेता येत नाही. मात्र 2024 च्या हंगामात त्याच उत्पादकाने वाफेचे यंत्र काढले, तेही पाकळ्यांच्या फटीतून वाफ सोडणारे. अर्ज तेव्हा प्रसिद्ध झालेला होता. प्रसिद्धीच्या तारखेपासून हक्क लागू धरले जातात, कोर्टात खटला मात्र पेटंट मिळाल्यावरच भरता येतो. मंजुरीनंतर नोटीस गेली. काकांना कोर्टात जायचे होते. पुतणीचे म्हणणे वेगळे होते: प्रतिवादी पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा करणार, प्रकरण उच्च न्यायालयात जाणार आणि टूलरूमची दोन वर्षांची कमाई वकिलांकडे जाणार. शेवटी परवाना दिला गेला. प्रत्येक यंत्रामागे ठरावीक रक्कम मिळते. करार लेखी केला आणि पेटंट कार्यालयात नोंदवला. काका अजून पूर्ण राजी नाहीत आणि मला त्यांची बाजू समजते. ज्याने उचलले त्याच्याशीच हात मिळवायचे, हे सोपे नाही.

वेगळे काय करता आले असते

प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात 1600 रुपयांचा प्रोव्हिजनल दाखल झाला असता तर पहिल्या यंत्राचाही हक्क मागता आला असता. मिळालाच असता असे मी म्हणणार नाही. पाकळ्यांचे साचे आधीचे आहेत आणि तो दावा कदाचित टिकला नसता. पण निदान विचारण्याची संधी राहिली असती आणि व्हिडिओ पुढे स्वतःविरुद्ध पुरावा झाला नसता. ज्यांना अर्जाआधी ग्राहकाला यंत्र दाखवणे भागच असते त्यांच्यासाठी गोपनीयतेचा साधा लेखी करार हा दुसरा मार्ग आहे, मात्र खुल्या प्रदर्शनात तो कामाचा नाही.

सहमालकीचा करार अर्जाच्याच दिवशी व्हायला हवा होता. परवान्याच्या वेळी काकांची सही मिळवायला जे आठवडे गेले, त्यात दोघांचे बोलणे काही दिवस बंद होते. आता करार झाला आहे आणि वारसांचे कलमही त्यात आहे.

परदेशाचा विचार आम्ही जून 2023 मध्ये केला होता. अमेरिकेची वर्षभराची सूट तेव्हा पहिल्या यंत्रासाठी दोन महिने शिल्लक होती. भारतात राहणाऱ्याला आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबावे लागते किंवा पेटंट कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, तेही वेळेत जमले असते. खर्च पाहून दोघांनी नको म्हटले आणि तेव्हाच्या माहितीवर तो निर्णय योग्य होता. नव्या साच्यासाठी परदेशी अर्जाची 12 महिन्यांची मुदत जुलै 2024 मध्ये संपली, तीही तशीच जाऊ दिली. यंदा न्यू जर्सीतल्या एका मराठी केटररने दोन यंत्रे मागवली. ती पाठवता येतात, विकताही येतात. तिकडे कोणी तसेच यंत्र बनवले तर भारतातल्या पेटंटच्या बळावर त्याला रोखता येणार नाही, हे पुतणीने ऑर्डर घेण्याआधी विचारून घेतले आणि त्याप्रमाणे किंमत ठरवली.